पुढील माहिती नाही

बडोद्यातल्या जुन्या वाड्यांविषयी, सुरसागरच्या गणपतीविषयी, कोठीतल्या नोकऱ्यांविषयी इथे बरंच लिहून झालंय. मी आज जरा वेगळं लिहितोय. हा इतिहास १९९९ सालचा आहे, त्यात एक बिघडलेला कॉम्प्युटर आहे आणि एक गोष्ट अशी आहे जी मी पंचवीस वर्षं एका माणसाखेरीज कुणालाही सांगितलेली नाही. मित्राची परवानगी घेऊनच लिहितोय. नाव मात्र त्याचं देत नाही, तो संकोची आहे.

दांडिया बाजारात त्याचं घर. म्हणजे वाड्याचा उरलेला तिसरा हिस्सा. खाली भाडेकरू, वर हे. मित्राचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. बोलायला कमी, पण एका विषयावर बोलायला लागले की काकू आतून चहा पाठवून द्यायच्या, कारण तासाची निश्चिंती असायची. तो विषय म्हणजे कुलवृत्तांत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो जाडजूड ग्रंथ असेल. मूळ पुरुषापासून पिढ्या, फांद्या, कोण कुठल्या गावी गेलं, कुणाला किती मुलं. अण्णांच्या कुळाचाही छापलेला होता, पुण्याहून निघालेला. कोकणातल्या शाखांना त्यात पानंच्या पानं. पुण्या-मुंबईच्या शाखांना तर फोटोसुद्धा. आणि अण्णांच्या पणजोबांच्या नावापुढे एवढंच: “बडोद्यास गेले. पुढील माहिती नाही.”

अण्णा ते वाक्य दाखवायचे तेव्हा बोट त्याच्यावर टेकवायचे नाहीत, थोडं वर धरायचे. “आम्ही काय समुद्रात गेलो होतो का रे?” एवढंच म्हणायचे.

त्यांचं दुखणं मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदं कायमचं घेतलं तेव्हापासून इकडे मराठी माणसं येत राहिली. शिलेदार आले, पुजारी आले, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात कारकून, मास्तर, इंजिनियर, वैद्य सगळेच आले. अख्ख्या राज्यात १९०६ साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करायचं म्हणजे माणसं लागणारच की! महाराजांनी शब्दांनासुद्धा वाऱ्यावर सोडलं नाही. कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांमधला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली छापला. अशा ठिकाणी चार पिढ्या लिहिण्या-वाचण्याचं काम केलेल्या घराबद्दल “पुढील माहिती नाही”?

म्हणून अण्णांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या शाखेचा वृत्तांत लिहायला घेतला. त्यांच्याकडे आजोबांची मोडीतली रोजनिशी होती. आजोबा खानगी खात्यात कारकून. मोडी अण्णांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. रोजनिशी वाळवीने पोखरलेली, पान उलटलं की हातात भुगा यायचा. अण्णा भिंग धरून वाचायचे आणि मित्राने १९९८ साली घेतलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करायचे.

तो कॉम्प्युटर त्या वेळी असायचे तसाच, जुळवलेला. पेंटियम एमएमएक्स, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. चाळीसेक हजार पडले होते आणि मित्राच्या पगारातून हप्ते जात होते. त्यावर क्रोशाचं आच्छादन, काकूंनी स्वतः विणलेलं. शेजारी उदबत्तीचं घर. (नव्या यंत्राला हळदकुंकू लावलेलं नाही असं एकही घर मी तेव्हा पाहिलं नाही. सीडीच्या ट्रेवर तांदूळ सापडलेत मला.)

मराठी टाइप करणं हा तेव्हा एक उद्योग होता. आज मोबाइलवर बोट फिरवलं की देवनागरी उमटते, त्यामुळे मुलांना सांगून पटत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजने ती घरच्या माणसाच्या हाती द्यायला वेळ लावला. विंडोज २००० आलं तेव्हा कुठे देवनागरी नीट आत आली. त्याआधी सगळा कारभार फाँटवर. कॉम्प्युटर आपला इंग्रजी अक्षरंच साठवायचा, फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा ‘श’ वेगळ्या कळीवर. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसता कचरा. अण्णांनी कळपाटाचा तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून समोर टांगला होता. ‘ज्ञ’ सापडला की आम्हाला हाक मारून दाखवायचे.

आणि या सगळ्यात मी कोण? मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर ‘बघून देणारा’ मुलगा. सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केलेला, खिशात स्क्रूड्रायव्हर. तुमच्याही आळीत एक असेल.

१९९८च्या दिवाळीत काकूंनी साफसफाई काढली. वाळवीच्या कागदांनी भरलेली ती ट्रंक घराबाहेर काढायची की नाही यावर घरात दोन मतं होती. वाळवी दाराच्या चौकटीपर्यंत आली होती, त्यामुळे काकूंचंही चूक नव्हतं. अण्णांनी मला विचारलं, “यात एकदा गेलं की राहतं ना रे कायमचं?” मी म्हणालो, “अण्णा, कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे अजरामर झालं.” टाइप करून झालेले रोजनिशीचे कागद त्या आठवड्यात गेले. माझ्या शब्दावर गेले.

आता तो दिवस. सोमवार, २६ एप्रिल १९९९. सकाळी नवाच्या सुमाराला मित्र स्कूटरवर दारात. “चल लवकर, अण्णांचा कॉम्प्युटर बंद पडलाय. बटण दाबलं, विंडोज येता येता अडकला. बंद करून परत लावला तर आता काहीच नाही.”

गेलो. पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागतोय, पडदा काळा. मॉनिटरचा दिवा नारिंगी, म्हणजे आतून काही येतच नाही. मी गंभीर चेहरा केला, कॅबिनेट उघडलं. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. त्या काळातले निम्मे कॉम्प्युटर एवढ्याने सुरू व्हायचे हे खरंच आहे. झालं नाही. डिस्प्ले कार्ड काढून घातलं. केबल काढून घातल्या. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढला, दहा मिनिटं थांबलो, परत घातला. एप्रिलचं बडोदं, ऊन तुम्हाला माहीत आहेच, आणि धूळ उडते म्हणून पंखा बंद. अण्णा खुर्ची ओढून मागे बसलेले. काकूंनी पन्हं आणलं, ते तसंच राहिलं.

एक खूण मला तेव्हाच कळायला हवी होती. रॅम पूर्ण काढून कॉम्प्युटर लावला तर बोर्ड ओरडतो, पीं पीं करतो, रॅम नाही म्हणून तक्रार करतो. हा ओरडत नव्हता. म्हणजे तक्रार करणाराच मेला होता. बोर्डावर एक छोटी चिप असते, बायोस. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी ती जागी होते आणि बाकीच्यांना उठवते. ती चिप कोरी झाली असेल अशी कल्पनाही मला शिवली नाही, कारण असं कधी होत नसे. मी संध्याकाळी पाचला “पॉवर सप्लाय वाटतोय” असं ठोकून दिलं आणि घरी आलो. इतका दमलो होतो की स्वतःचा कॉम्प्युटर लावलासुद्धा नाही. यामुळेच माझा वाचला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी. सीआयएच नावाचा व्हायरस, २६ एप्रिलला जगभरात फुटला. चेर्नोबिलची दुर्घटना १९८६च्या २६ एप्रिलची, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिल नाव दिलं. तैवानच्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला, त्याच्याच नावाची आद्याक्षरं. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान इथे फार मोठं नुकसान झालं, आपल्याकडेही झालं. हा पठ्ठ्या विंडोज ९५ आणि ९८च्या प्रोग्रॅममधल्या मोकळ्या जागांत लपायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढायचा नाही आणि संशय यायचा नाही. वर्षभर गप्प. ठरलेल्या तारखेला दोन कामं करायचा: हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायोसची चिपही बिघडवायचा. जुन्या बोर्डांची चिप अशी सॉफ्टवेअरने बदलता येत नसे. सोय म्हणून नव्या बोर्डांवर ती बदलता येऊ लागली, आणि त्या सोयीतूनच हा आत शिरला. इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटचे बोर्ड त्याच्या तावडीत हमखास सापडायचे. अण्णांचा बोर्ड तोच.

व्हायरस पसरत होता चोरीच्या सीड्यांवरून, गेम्समधून. ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. फेब्रुवारीत मित्राच्या भाच्यासाठी मोटारींच्या शर्यतीचा एक गेम मीच एका सीडीवरून त्या कॉम्प्युटरवर चढवून दिला होता. एका ओळखीच्याकडून अँटिव्हायरसची फ्लॉपी आणली, माझा कॉम्प्युटर तपासला. शंभराहून जास्त फाइलींत सीआयएच. सीडी तपासली. तिच्यातही.

पण आधी दुरुस्तीचं सांगतो.

रावपुऱ्याजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो तर बाहेर पायरीपर्यंत कॅबिनेटांची रांग, दवाखान्यासारखी. मालक म्हणाला बोर्ड नवा घ्या. तिथे काम करणारा एक मुलगा, वीस-एकवीसचा असेल, हळूच म्हणाला, “बोर्ड नथी गयुं. खाली चिप गई छे.” त्याने जे केलं ते मी आजही कुणाला करायला सांगणार नाही. तसलाच दुसरा, चांगला बोर्ड टेबलावर उघडा मांडला, सुरू केला. सुरू झाल्यावर बायोसचं काम मेमरीतून चालतं, चिपची लगेच गरज राहत नाही. मग चालू बोर्डातली चांगली चिप त्याने खाली ओवलेल्या दोऱ्याने सरळ वर उचलली. चालू! “हाथ ना लगाडशो,” एवढंच आम्हाला म्हणाला. त्या खाचेत अण्णांची मेलेली चिप दाबून बसवली आणि फ्लॉपीवरून बायोस नव्याने लिहिला. दोन्ही चिपा आपापल्या घरी परत. अण्णांचा कॉम्प्युटर लावला, पीं केलं, पडद्यावर अक्षरं आली. अण्णा स्टुलावरून उठून उभे राहिले.

अक्षरं मात्र एवढंच सांगत होती की चालवण्यासारखी डिस्क सापडत नाही.

“डिस्क तो खाली थई गई छे. फॉर्मेट करी आपुं?” मुलाने विचारलं. आणि मंडळी, खरं सांगायचं तर मी मान हलवली होती. माझ्या अकलेप्रमाणे डिस्क कोरीच होती, मग फॉरमॅट केली तर काय बिघडलं? मित्राने माझा हात धरला. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “आज नको. आज काही पुसायचं नाही.”

त्या वाक्याने कुलवृत्तांत वाचला. का ते सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे कोठीचं दप्तर समजा. रुमाल मागे फडताळात आणि दाराशी एक फेरिस्त, कुठला कागद कुठल्या रुमालात त्याची. सीआयएचने डिस्कचा पहिला १ एमबी पुसला, म्हणजे दारावरची पाटी आणि फेरिस्तीची सुरुवातीची पानं. कागद जागच्या जागी. आणि विंडोज ९८ मध्ये डिस्क फॅट ३२ पद्धतीने लावलेली असेल तर फेरिस्तीच्या दोन प्रती असतात, एकीमागे एक. अण्णांच्या डिस्कएवढ्या डिस्कवर प्रत्येक प्रत साधारण ४ एमबीची. व्हायरसचा हात पहिल्या प्रतीच्या पुढे पोचलाच नव्हता, दुसरी शाबूत होती. जुन्या फॅट १६ पद्धतीच्या डिस्कवर दोन्ही प्रती लहान, पहिल्या एमबीतच मावणाऱ्या. तिथे सगळंच गेलं असतं. आम्ही त्या दिवशी फॉरमॅट केली असती तर नवी कोरी फेरिस्त दोन्ही प्रतींवर लिहिली गेली असती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच झालं की हार्ड डिस्क काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, काकूंच्या गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली गेली. बॅकअप म्हणून मी एक फ्लॉपी करून दिली होती, तिला उन्हाने खाल्लं होतं, उघडेना. कागदावर छापलेली फक्त अडतीस पानं होती.

रात्री सुरसागरच्या कठड्यावर बसून मी मित्राला सीडीचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अण्णांना सांगू नकोस.” मी म्हटलं, त्यांना कळायला हवं. तर म्हणाला, “ते तुला काही बोलणार नाहीत. मग तू आमच्याकडे यायचा बंद होशील.” ट्रंकेची आठवण त्याने काढली नाही. मीही नाही.

पुढचे काही आठवडे विचित्र गेले. अण्णांनी एक जुनी हिशेबाची वही काढली आणि आठवेल तसं परत लिहायला बसले. हाताने, शाईच्या पेनाने. मी गेलो की वर बघायचे, “तुझं चालू दे,” म्हणायचे. माझं काय चालणार होतं! मी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडून, जंपर बदलून, रोज एकदा बघायचो आणि ती रोज कोरी दिसायची. शेवटी एका ओळखीच्यांकडे, ज्यांच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं, तिथे शोधताना कळलं की अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन यांनी नेमक्या याच जखमेसाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहून फुकट ठेवलाय. फ्लॉपीत सहज मावणारा. तो उतरवायलाही लाइन दोनदा तुटली.

मित्राच्या घरी, त्याच टेबलावर, फ्लॉपी घातली. प्रोग्रॅमने दुसरी फेरिस्त शोधली, तिच्यावरून पहिली भरली, पाटी परत लावली. काही मिनिटांचं काम. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि निळसर ढगांचा तो विंडोजचा पडदा आला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

डिस्क स्वच्छ करायची म्हणून अण्णांची फोल्डर मी आधी माझ्या कॉम्प्युटरवर नेली, अण्णा माझ्याबरोबर घरी आले होते. फाइल उघडली. पडद्यावर डॉलर, टक्के, डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली कुठलीतरी अक्षरं, कंस, पानंच्या पानं. अण्णा बघत राहिले. म्हणाले, “वाळवीनेसुद्धा इतकं नव्हतं खाल्लं.” आणि चप्पल घालायला लागले.

मला कळायला मिनिटभर लागलं. माझ्याकडे तो मराठी फाँटच नव्हता! मुखवटा नव्हता, बाकी सगळं होतं. त्यांना थांबवलं, स्कूटरवरून फाँटची फ्लॉपी आणली, चढवली, मजकूर निवडून फाँट बदलला. ‘श्री’ उमटला. मग खाली सरकत पहिलं वाक्य. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवली.

वृत्तांत २००१ मध्ये छापून झाला, खाजगी, दोनशे प्रती. ऋणनिर्देशात माझं नाव आहे: संगणकातून मजकूर वाचवल्याबद्दल. प्रकाशनाला पेढे खाताना तो पेढा मला गिळवत नव्हता. अण्णा २००७ मध्ये गेले. मी सांगितलं नाही.

आत्ता हे आठवायचं कारण असं. त्यांच्या कुळाची मंडळी पुण्यात नवी आवृत्ती काढताहेत आणि त्यांनी बडोदे शाखेची माहिती युनिकोडमध्ये मागितली आहे. ते काम मी मागून घेतलं. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, आणि रफार तर कुठेही जाऊन बसतो. ओळ न् ओळ वाचावी लागते.

वाचताना मित्राने ती हिशेबाची वही काढून दिली. त्या आठवड्यांत अण्णांनी आठवणीने लिहिलेली बावीस पानं. मी ती कधी पाहिली नव्हती. टाइप केलेल्यात आहे: “आजोबा १९०४ साली खानगी खात्यात रुजू झाले. पगार व हुद्दा पुढे दिला आहे.” वहीत त्याच जागी आहे की आजोबांना पहिल्या दिवशी पागोटं नीट बांधता आलं नव्हतं, शेजारच्या गुजराती बाईने आपल्या नवऱ्याला उठवून ते बांधून घेतलं, आणि आजोबा आयुष्यभर दिवाळीला त्या घरी पहिला फराळ पाठवत. छापलेल्या पुस्तकात हे नाही. रोजनिशीत होतं की नाही, ते आता कशावरून बघणार?

मित्राचं म्हणणं, वहीतलं पण घालू. पुण्याच्या मंडळींना पानांची मर्यादा आहे, शाखेला सहा पानं. आम्ही दहा मागितली आहेत. सध्या मी एकसष्टाव्या पानावर आहे, रफार शोधत.